चार बोटं कमी

जयगडच्या अलीकडे खाडीकाठी एक वाडी आहे. तिचं नाव मी सांगणार नाही. तिथले लोक दर होळीला माझ्या नावाने बोंब मारतात, एवढं मात्र सांगते. नुसती तोंडावर हात मारून बोंब नव्हे, त्यापुढे माझं नाव, आडनाव, आणि त्याच्याही पुढे जे येतं ते छापण्याजोगं नाही. पहिल्या वर्षी राग ताजा होता, समजू शकते. पण सात-सात वर्षं? गावात शिव्या खाण्यालायक दुसरं कुणी जन्मालाच आलं नाही की काय!

ह्या सगळ्याच्या मुळाशी आहे खंडू नावाचा एक खलाशी, आणि त्या खलाशाचा उजवा खांदा. खंडू कसा माणूस आहे असं मला कुणी विचारलं तर आजही पहिला शब्द तोंडात येतो तो 'आडमुठा'. दुसरा शब्द यायला मला बरीच वर्षं लागली.

मी नीरजा. फिजिओथेरपिस्ट. १९९८ साली मुंबईहून शिकून रत्नागिरीला परत आले आणि बाजारपेठेत चपलांच्या एका दुकानावर दोन खोल्या घेऊन दवाखाना थाटला. तेव्हा आमच्या कामाची गावाला समज एवढीच, की ही बाई मालीश करते. एक नामांकित डॉक्टर तर चिठ्ठीवर सरळ लिहायचे, 'मालीश, दहा दिवस'. मी ती चिठ्ठी पेशंटच्या हातात परत द्यायचे. म्हणायचे, "मालीश हवं असेल तर त्यांच्याकडूनच करून घ्या, दुपारी मोकळेच असतात ते." आई कपाळावर हात मारायची. तिला वाटायचं, ही पोरगी एक दिवस तोंडामुळे उपाशी मरणार. घरची हापूसची बाग होती म्हणून मेले नाही, हे खरंच आहे.

खंडू आला तो ९९ सालच्या जूनमध्ये. होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारल्या होत्या, म्हणून त्याला सवड होती. तिशीच्या आतला, काटक, डाव्या हाताने उजवा हात पोटाशी धरून बसलेला. बरोबर बायको, तुळसा. बोलत तीच होती.

"हात उतरतो यांचा," ती म्हणाली.

"किती वेळा उतरलाय?"

खंडू हसला. "मोजीत नाय आमी."

"हसतायत बघा," तुळसा म्हणाली. "गेल्या म्हयन्यात बोटीवर जाळं ओढताना उतरला. बसवला कसातरी, पण बोटं बधिर झाली ती अजून तशीच हायत. भाकरीचा तुकडा मोडता येत नाय. बोटवाले बोल्ले, आता परत उतरला तर घरी बसायचं."

मी तपासायला घेतलं. अंगठा मागे दाबला तर सरळ मनगटाला जाऊन टेकला. करंगळी उभी राहिली ती मागे कलली. कोपरं उलटी वाकत होती, गुडघेही. गुडघे न वाकवता खाली वाका म्हटलं तर तळवे जमिनीवर सपाट, पोळपाटावर ठेवल्यासारखे. सांध्यांच्या सैलपणाची आमची एक नऊ गुणांची परीक्षा असते. खंडूला नऊपैकी नऊ. तसं मी सांगितल्यावर स्वारी खूश.

"शाळेत कंदी पैकीच्या पैकी पडले नाय," तो म्हणाला. "आमच्या घराण्याची हाडंच तशी, बाई. देवीची देणगी हाय."

"देणगी कसली? दुखणं आहे हे."

तो एकदम गंभीर झाला. "तसं बोलू नका," म्हणाला. आणि मग त्याने मला फुलाचं सांगितलं.

शिमग्याला आमच्याकडे गावोगाव ग्रामदेवीची पालखी नाचवतात, ते सगळ्यांना माहीत आहे. ह्या वाडीत त्याच्यावर आणखी एक करतात. पालखी सहाणेवर, म्हणजे देवीच्या चौथऱ्यापाशी, आली की गुरव देवीच्या पायाचं जास्वंदीचं फूल काढून जमिनीवर ठेवतो. पुढच्या उजव्या बाजूला खांदा देणाऱ्याने ते उचलायचं. हाताने नाही. दांडी बाकीच्यांनी पेलून धरायची, त्याने उजवा हात तिच्यावरून मागे टाकून लटकायचं, पाठीची कमान करत मागे जायचं, डोकं जमिनीला लागलं की मान वळवून फूल ओठांनी धरायचं आणि तसंच वर यायचं. फुलाला हात लागला तर ते बाटलं. हा मान खंडूच्या घराण्याचा, कारण असं वाकणारी हाडं गावात दुसऱ्या कुणाची नाहीत. आज्याने उचललं, बापाने उचललं, चुलता काशीरामने उचललं, आणि अकरा वर्षं खंडू उचलत होता.

"आणि त्या वेळी खांदा उतरतो," मी म्हणाले. त्या अवस्थेत हात मागे टाकून लटकलं तर खांदा उतरायला दुसरं काही लागतच नाही.

"उतरायलाच हवा," खंडू म्हणाला. "खट् असा आवाज येतो. खांदा उतरला म्हंजे देवी उतरली. सगळी मान्सं तेच्यासाठीच तर वाट बगत असतात. मग काशीरामकाका बसवतो."

मी हातातलं पेन टेबलावर आपटलं. एका माणसाचा सांधा निखळतो, आणि आख्खं गाव त्या आवाजाची वाट बघत कान टवकारून उभं! आवाज आला की ढोल वाजवतात म्हणे! मला जे काही सुचलं ते मी सगळं बोलले. पौषापासून रोज संध्याकाळी काशीरामकाका तेल लावून ह्याचे हात ओढतो, आंब्याच्या फांदीला लटकवतो, वाक कमी पडू नये म्हणून, हे ऐकल्यावर तर माझा पार तोल गेला. "अहो, इलास्टिक ढिलं झालं की आपण ते आणखी ताणत बसत नाही, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल! तुमचे सांधे धरून ठेवणारे बंध जन्मतःच ढिले आहेत. त्यांना ताणायचं नाही, भोवतीचे स्नायू घट्ट करायचे. शीर दुखावली आहे तुमची. असं आणखी दोन-चार वेळा झालं तर हा हात कोपरापासून लोंबणार. नुसता लोंबणार, समजलं?"

खंडूने सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"हात ऱ्हाईल, आणि वाक पण ऱ्हाईल, असं करता येल काय?"

मी त्याच्याकडे बघितलं. खरं उत्तर मला ठाऊक होतं. सैल सांध्याच्या माणसाला आम्ही शिकवतो ते हेच, की शेवटच्या टोकापर्यंत जायचं नाही, त्याच्या अलीकडे थांबायचं. शरीराला ती सवय लागली की ते आपोआप थांबतं. वाक जाणार. पण हे मी सांगितलं असतं तर तो उठून गेला असता.

"राहील," मी म्हणाले.

दुसऱ्या खेपेला त्याला आत टेबलावर झोपवला होता तेव्हा तुळसा बाहेर येऊन माझ्याजवळ उभी राहिली. "वाक नाय ऱ्हाणार ना?" ती हळूच म्हणाली.

"नाही राहणार."

"नको ऱ्हाऊ दे. यांचा बापूस समुद्रात गेला तेव्हा पोवायला येत नव्हतं काय त्याला? माशासारखा पोवायचा. हात उतरलेला व्हता. एका हाताने किती पोवेल माणूस?" तिने पदराने नाक पुसलं. "मना नवरा हवाय, बाई. फूल नको. त्यांना काय सांगू नका."

तेव्हा मला वाटलं, झालं, घरातल्या बाईचीच संमती आहे. आता मला कुणाला विचारायची गरज नाही. खंडू आत टेबलावर पडून छताकडे बघत होता आणि बाहेर आम्ही दोघींनी त्याचा निकाल लावून टाकला. आम्ही बागायतदारांच्या घरातली माणसं. खलाशाला त्याच्या हिताचं आपल्याला जास्त कळतं, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं, की त्याला माज म्हणतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

पावसाळाभर आठवड्यातून दोनदा खंडू यष्टीने यायचा आणि आम्ही दोघं भांडायचो. त्याला वाटलं होतं यंत्रं असतील, वीज असेल. मी दिली सायकलची ट्यूब. खिडकीच्या गजाला बांधायची, कोपर बरगडीला चिकटवून ठेवायचं, आणि हात बाहेर वळवायचा. वीतभर. बस्स. हळू न्यायचा, त्याहून हळू परत आणायचा. मग भिंतीला तळवे टेकून उभं राहायचं आणि पाठीची पाती खाली धरून ठेवायची. कोपर पूर्ण सरळ करायचं नाही.

"ह्यो काय व्यायाम झाला?" तो ओरडायचा. "आमची पोर पण करील."

"मग पोरीइतकं तरी नीट करा. परत सरळ केलंत कोपर! वाकवा. अलीकडे थांबा म्हटलं ना?"

"थांबलो तर हाय."

"हे थांबणं झालं? हे लोंबणं झालं."

डोळे मिटून हात खांद्याच्या रेषेत आणा म्हटलं, तर हात भलतीकडेच. डोळे उघडून तो स्वतःच चकित व्हायचा. आपला हात कुठे आहे हे त्याच्या अंगाला कधी कळतच नव्हतं. सांधा टोकाला जाऊन अडकायचा तेवढंच काय ते कळायचं. मी त्याला मधली सगळी वाट शिकवली. दहा वेळा, वीस वेळा, पुन्हा दहा वेळा. एकदा चिडून ट्यूब तोडून गेला. पुढच्या खेपेला आला तेव्हा पिशवीत नवी ट्यूब होती, गाठी तुळसाने मारून दिलेल्या.

आणि हात सुधारला. तो मला आवडत नव्हता, पण पेशंट म्हणून त्याच्यासारखा मला नंतर कुणी मिळाला नाही. सांगितलेलं एक दिवस चुकवलं नाही. दिवाळीनंतर जाळं ओढायला लागला. डिसेंबरात बोटांची बधिरी गेली. त्या दिवशी त्याने माझ्या टेबलावरची टाचणी उचलली, खाली ठेवली, परत उचलली. दहा-बारा वेळा तेच. "टोचते," म्हणाला. मी म्हणाले, "टाचणी आहे, टोचणारच." खरं तर मला रडू येत होतं, आणि त्याच्यासमोर मला ते नको होतं.

पौष लागला आणि काशीरामकाका येऊन थडकला. सत्तरीचा म्हातारा, डोक्याला रुमाल. दारातच उभा राहिला, आत यायला तयार नाही.

"पोर हाताला तेल लावून घेत नाय," तो म्हणाला. "फांदीला लटकत नाय. तू नको बोल्लीस म्हनं."

"होय, मी नको म्हटलं."

"तुला काय अधिकार?"

"उजवा हात वर करा, काका," मी म्हणाले.

"काय?"

"करा ना. डोक्यापर्यंत न्या."

त्याचा हात छातीपर्यंत आला आणि थरथरत थांबला. त्याच्यावर जाईना. त्याने सतरा वर्षं फूल उचललं होतं. मला वाटलं, आता ह्याला कळेल. कसलं काय! म्हाताऱ्याने तो हात डाव्या हाताने सावकाश खाली घेतला आणि म्हणाला, "देवीला दिला तो हात. मना तेचा हिशेब नको देऊस, बाये. आमच्या पोराला तू बांधून घातलंस ना, तर शिमग्याला कळंल." आणि पायरीवर पचकन थुंकून चालता झाला. चपलांच्या दुकानदाराने नंतर मला पायरी धुवायला लावली.

शिमगा आला. दोन हजार सालचा मार्च. खंडूला मी शेवटचं बघितलं तेव्हा त्याने पुन्हा विचारलं होतं, "वाक हाय ना, बाई?" मी म्हणाले होते, "आता खांदा घट्ट झालाय, हात मागे टाकू नका, दुसऱ्या कुणाला उचलू द्या." तो म्हणाला, "मी तेच्यासाठीच तर ट्यूब ओढली नऊ महिने." मला वाटत होतं, हात सुधारला की हा फूल विसरेल. आणि त्याने हात सुधारला होता तो फुलासाठी.

मी गेले त्या वाडीत. कशाला गेले देव जाणे. अडवायला म्हणावं तर अडवायचं कसं? सहाणेभोवती चारशे-पाचशे माणसं. चाकरमानी मुंबईहून आलेले, बायका डोकीवर पदर घेऊन बांधावर. ढोल-ताशे असे वाजत होते की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नव्हतं. भर दुपार. पालखी नाचत आली, पुढे उजव्या अंगाला खंडू. तुळसा मला लांबून दिसली. सहा वर्षांची राही तिच्या कडेवर. एवढी मोठी पोर आणि कडेवर, कारण खाली गर्दीत तिला बाप दिसला नसता.

गुरवाने फूल ठेवलं. ढोल थांबले.

खंडूने हात दांडीवरून मागे टाकला आणि वाकायला लागला. किती सुंदर वाकला, हे मी, मीच सांगते. मागे, मागे, कमान होत गेली, केस जमिनीकडे लोंबले. आणि थांबला. फुलाच्या वर चार बोटं. तिथे त्याचा खांदा घट्ट धरला गेला. मी शिकवलेला एकूण एक स्नायू त्या क्षणी नेमका जागा झाला आणि त्याने सांधा धरून ठेवला. असं घडावं म्हणून मी नऊ महिने घसा फोडला होता. आणि आता मी बांधावर उभी राहून मनात म्हणत होते, सोड रे, एकदाच सोड.

तो वर आला. परत वाकला. चार बोटं. गर्दीत कुजबुज. तिसऱ्यांदा वाकला तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या, ओठ पुढे काढलेले, आणि चार बोटांवर ते फूल. कुणीतरी फिसकन हसलं. भावकीतला शिवा होता तो, खंडूचा चुलतभाऊ. तो मोठ्याने म्हणाला, "रत्नांग्रीच्या बाईने खंडूचं लाकूड केलंन!" मग हशा पिकला. खट् असा आवाज काही आला नाही.

शेवटी काशीरामकाका पुढे झाला. खाली बसला आणि डाव्या हाताने त्याने ते फूल उचललं. म्हातारा रडत होता, उघड, पोरासारखा. फूल पालखीत ठेवलं. खंडू दांडीखाली तसाच उभा होता, कुणाकडेच न बघता.

आणि मग शिवाने तोंडावर हात घेतला आणि माझ्या नावाने पहिली बोंब ठोकली. पाठोपाठ सगळ्या वाडीने. मी बांधावरून उतरून यष्टीच्या थांब्यापर्यंत पोचेपर्यंत ती माझ्या मागे येत होती.

चार दिवसांनी खंडू दवाखान्यात आला. दोन पेशंट बसले होते, त्यांच्यादेखत सायकलची ट्यूब माझ्या टेबलावर फेकली.

"माजा वाक परत द्या."

मी घाबरले होते. मी घाबरले की ओरडते. "हात हलतोय ना? टाचणी उचलतोस ना? मग चालता हो इथून! फुलापायी हात घालवायला निघालेल्या माणसाला अक्कल नसते." मी त्याला अरेतुरे केलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा.

तो ओरडला नाही. "अक्कल नसंल," म्हणाला. "पण हात माजा व्हता. तुमी मना इचारलात? एकदा तरी? मी तुमाला दोन बारी इचारलं, आणि तुमी एक बारी पण खरं बोल्ला नाय. काशीरामकाका माजे हात ओडायचा तो मना सांगून ओडायचा."

आणि गेला.

मी त्या पेशंटांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि दार लावून बसले. मला राग आला होता, त्याचा नव्हे, आणि तो काढायचा कुणावर ते कळत नव्हतं. त्याला जायबंदी होऊ द्यायचा होता का मी? नाही. पण त्याला सांगून, त्याच्याशी भांडून, तो उठून गेला तर त्याच्या वाडीपर्यंत मागे जाऊन भांडायला हवं होतं. भांडण तर मला चांगलं येतं. नेमकं तिथेच मी गोड बोलले. आयुष्यात मी एकदाच गोड बोलले आणि ते असं.

पुढची सात वर्षं खंडूची खबर मला इकडून तिकडून कळत राहिली. खांदा परत कधी उतरला नाही. एका वादळात बोटीवरचा पोरगा पाण्यात पडला, त्याला खंडूने उजव्या हाताने धरून वर ओढला, असं मासळीबाजारात एका बाईने मला सांगितलं. पुढे तो त्याच बोटीवर तांडेल झाला, बोटीचा मुख्य. शिवाने पुढच्या शिमग्याला फूल उचलायचा प्रयत्न केला आणि डोक्यावर आपटला. पाच टाके पडले. मला आनंद झाला, लपवत कशाला? त्यानंतर वाडीत फूल हातानेच उचलतात. बोंब मात्र माझ्याच नावाची.

खंडू मला दोनदा मिरकरवाड्याच्या जेटीवर दिसला. दोन्ही वेळा त्याने तोंड फिरवलं.

२००७ च्या ऑगस्टमध्ये दवाखान्याचं दार उघडलं आणि खंडू आत आला. कानशिलाचे केस पांढरे झालेले. बरोबर तेरा वर्षांची एक उंच पोर, लंगडत. तो माझ्याकडे पाठ करून बाकावर बसला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत पोरीला म्हणाला, "बाईंना सांग काय होतं ते."

मी म्हणाले, "खंडूभाऊ—"

"बाईंना सांग, मी तेंच्याशी बोलत नाय."

पोरीने माझ्याकडे बघितलं. "ते तुमच्याशी बोलत नाहीत," तिने सांगितलं. ही राही. शाळा पाखाडीच्या वर, दोनशे-अडीचशे पायऱ्या. उतरताना गुडघ्याची वाटी बाजूला सरकते आणि ती पडते. ह्या पावसात तीनदा पडली. मी तपासलं. अंगठा मनगटाला. कोपरं उलटी. मी गुण मोजले, पण ह्या खेपेला मोठ्याने सांगितले नाहीत.

"बाईंना सांग," खंडू कॅलेंडरला म्हणाला, "या बारीला काय जानार ते आधी सांगायचं. तुला सांगायचं, मना नाय. गुडगा तुजा हाय."

मी राहीसमोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "राही, मी तुला मांडीचे आणि कंबरेचे व्यायाम देईन. कंटाळवाणे असतात. सहा महिने, कदाचित वर्ष. वाटी जागेवर राहायला लागेल, तू पायऱ्या उतरशील. पण मी तुला टोकापर्यंत न जायला शिकवणार. आत्ता तुझं अंग जितकं वळतं तितकं मग वळणार नाही. ते गेलं की मला परत देता येत नाही. तुला नको असेल तर आत्ता सांग. मी रागावणार नाही." मग खरंच बोलायचं ठरवलं होतं म्हणून पुढे म्हणाले, "म्हणजे रागावेन, पण तुझं ऐकेन."

राहीने बापाच्या पाठीकडे बघितलं. "मला वाकता येतं," ती म्हणाली. "बाबांसारखं. फूल उचलतात तसं. घरी कुणी नसताना करते मी. मुलीला पालखीखाली घेत नाहीत, पण मला येतं."

खंडूची पाठ ताठ झाली. हे त्याला माहीत नव्हतं.

"ते जाईल?" तिने विचारलं.

"जाईल."

"मग एकदा करून दाखवते. बाबांनी कधी बघितलं नाही."

मी नको म्हणणार होते. मी तोंड उघडलंही होतं. पण खंडू उठला. माझ्या टेबलावर गणपतीची तसबीर असते, तिच्यावरचं जास्वंदीचं फूल त्याने काढलं, खोलीच्या मधोमध फरशीवर ठेवलं आणि बाजूला झाला. राहीने खिडकीच्या गजाला, ट्यूब बांधतो त्याच गजाला, उजवा हात मागे टाकला आणि वाकायला लागली. हुबेहूब तोच वाक. केस खाली लोंबले. खांद्याचं हाड पुढे सरकायला लागलेलं मला कातडीखाली दिसत होतं, आणि मी आवाजाची वाट बघत होते, त्या गावासारखीच.

आवाज आला नाही. खंडू झपकन खाली बसला आणि त्याने उजव्या हाताचा पंजा आडवा करून तिच्या डोक्याखाली घातला. पोरीचं डोकं त्याच्या चार बोटांवर टेकलं, आणि बोटांखाली ते फूल.

"हितंच," तो म्हणाला. "हितंच थांबायचं, बाय. ह्येच्या खाली जायचं नाय."

"अजून थोडंच राहिलंय, बाबा."

"म्हायती हाय मना किती ऱ्हायलंय."

त्याने तिला त्याच हातावर तोलून वर घेतलं. मग फूल उचललं, हाताने, परत तसबिरीवर ठेवलं आणि बाकावर जाऊन माझ्याकडे पाठ करून बसला. मी कपाटातून नवी ट्यूब काढली आणि राहीच्या हातात दिली.

"बाईंना इचार," खंडू कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "कंदीपासून यायचं."